मागच्या रांगेतील आजोबा

वाचकहो, घरचे लग्नकार्य आटोपले असून, दिल्लीत जमलेली सारी मंडळी हुमायूनच्या कबरीसमोर छायाचित्रासाठी उभी आहेत, अशी कल्पना करा. पुढे मुले, मध्ये स्त्रिया, मागे काका आणि आजोबा. पुतण्याने हौसेने मोठा, महागडा कॅमेरा आणला आहे. चित्र पाहावे तो मुलांच्या पापण्याही मोजून घ्याव्यात. आजोबा मात्र धूसर! आणि शेजाऱ्याने साध्या मोबाइलवर टिपलेल्या चित्रात आजोबाही स्पष्ट, मागचा घुमटही स्पष्ट. असे का व्हावे?

भिंग ज्या अंतरावर रोखलेले असते, त्याच्या पुढेमागे काही टप्प्यापर्यंतच वस्तू आपल्याला रेखीव भासतात. त्यापलीकडे प्रकाशाच्या प्रत्येक बिंदूची चकती होते. भिंगाचे छिद्र जितके रुंद, तितकी ती मोठी. सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो पट, मोठा असला की तेवढेच दृश्य सामावण्यासाठी भिंगाचे नाभ्यंतर अधिक ठेवावे लागते. छिद्राचा आकडा तोच ठेवला, तरी अशा भिंगाचे प्रत्यक्ष छिद्र रुंद असते.

उदाहरण घ्या. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरचे भिंग, आकडा २.८ आणि माणूस ३ मीटरांवर असेल, तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे ६० सेंटिमीटरांचा होतो. सेन्सर निम्म्या लांबी-रुंदीचा घेऊन २५ मिलिमीटरचे भिंग लावले, की तोच पट्टा सुमारे सव्वा मीटरचा होतो. छिद्राचा व्यास १८ मिलिमीटरांवरून ९ वर आलेला असतो, हे त्याचे मर्म. मोबाइलचा सेन्सर तर याहूनही लहान. म्हणून त्यात आजोबा आणि घुमट दोन्ही सुखरूप राहतात. मोबाइलवरील धूसर पार्श्वभूमी पुष्कळदा गणिताने निर्माण केलेली असते. केसांच्या कडांशी ते गणित कधीकधी चुकतेही.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरविल्या गेलेल्या होमाई व्यारावाला यांचे शिक्षण मुंबईत झाले. १९४२ साली त्या दिल्लीस आल्या. स्वातंत्र्याच्या काळातील राजधानी त्यांनी रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांनी टिपली. रोलीफ्लेक्सचे चित्र सुमारे ६ सेंटिमीटर चौरस, म्हणजे आजच्या पुतण्याच्या सेन्सरहूनही मोठे. एवढ्या मोठ्या पटावर अंतराचा अंदाज चुकला, तर चित्र गेलेच; आणि नेत्यांचा तो क्षण पुन्हा येणार नसे.

तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याला दोष देऊ नका. एकट्या आजीचे चित्र काढताना त्याचे रुंद छिद्र मागची गर्दी विरघळवून टाकते. समूहचित्राच्या वेळी मात्र आकडा २.८ वरून ५.६ किंवा ८ करा, रांगा जवळ आणा, मधल्या रांगेवर भिंग रोखा. ५.६ ला प्रकाश चौथाईच मिळतो. म्हणून ऊन चांगले असताना उभे राहा, अथवा कॅमेरा तिवईवर ठेवा.

एवढी दक्षता पुरे. घुमट पुढल्या वर्षीही तेथेच असेल. सारी मंडळी पुन्हा एकत्र जमतीलच, असे नाही.