वजन तेवढंच, कंबर मात्र वाढली

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा विशी-बाविशीत असलेल्या बाया आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. पडलेलं घर पुन्हा उभं करणं, लेकरांची शिक्षणं, त्यांची लग्नं, रानातली कामं यातच त्यांची मधली तीस वर्षं गेली. स्वतःच्या शरीराकडे बघायला फुरसत मिळाली ती आत्ता कुठे, आणि नेमकं आत्ताच ते शरीर ओळखीचं वाटेनासं झालंय.

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात चार बाया ओट्यावर बसल्या की हा विषय निघतोच. "पाळी गेली आन् अंग सुटलं." खाणं पूर्वीइतकंच, कष्ट पूर्वीइतकेच, पण जंपरचे टाके उसवून सैल करावे लागतात, परकराची नाडी आखूड पडते. दवाखान्यात काट्यावर उभं केलं तर आकडा मात्र फारसा हललेला नसतो. पाच वर्षांत दोन-तीन किलो. मग समोरचा म्हणतो, "वजन तर ठीक आहे की." बाई गप्प बसते. तिचं म्हणणं खरं असतं, पण पुरावा तिच्याकडे नसतो.

तो पुरावा आता विज्ञानाकडे आहे. अमेरिकेत १९९६ पासून 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या हजारो स्त्रियांच्या शरीरातले बदल त्यात वर्षानुवर्षं नोंदले गेले. २०१९ मध्ये त्यातून आलेले निष्कर्ष डोळे उघडणारे होते. वजन वयाबरोबर एकाच संथ चालीने वाढत होतं. पाळी जाण्याच्या काळात त्याने अचानक वेग घेतला नव्हता. शरीराच्या आत मात्र उलथापालथ चालू होती. पाळी अनियमित व्हायला लागली तसा चरबी साठण्याचा वेग जवळपास दुप्पट झाला आणि त्याच सुमारास स्नायू झडू लागले. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हा वेग थांबला. एकीकडे चरबी वाढली, दुसरीकडे स्नायू घटले. काट्याने दोन्हींची बेरीज दाखवली आणि बेरजेची चाल तर पूर्वीचीच होती.

याचं मूळ इस्ट्रोजेन या संप्रेरकात आहे. पाळी सुरू असेपर्यंत ते चरबीला मांड्या आणि नितंबांकडे वळवतं. स्त्री-पुरुषांच्या चरबीच्या जागा वेगळ्या असतात आणि पोटावरची चरबी जास्त घातक असते, हे फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या जाँ वाग या डॉक्टरांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं. अंडाशयांचं काम थंडावलं की इस्ट्रोजेन घटतं आणि चरबीचा ओघ पोटाकडे वळतो. कातडीखाली चिमटीत येते ती चरबी तेवढी त्रासाची नसते. खरी काळजी आहे ती आतड्यांभोवती, यकृताजवळ साठणाऱ्या चरबीची. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात पोचतात, इन्सुलिनचं काम अडवतात, आणि पुढे मधुमेह, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार अशी रांग लागते.

यात झोपेचाही हात असतो. रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, बाई तीन-तीनदा उठून बसते. मोडलेल्या झोपेने भूक आणि तणावाची संप्रेरकं बिघडतात, गोडाची ओढ वाढते. "चाळिशीनंतर पचनशक्ती मंदावते, म्हणून पोट सुटतं" हे सर्रास ऐकू येणारं स्पष्टीकरण मात्र तपासून घ्यायला हवं. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २९ देशांतल्या साडेसहा हजारांच्या आसपास माणसांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जा खर्चण्याचा दर जवळजवळ स्थिर राहतो. उतार लागतो तो साठीनंतर. म्हणजे चूल विझलेली नसते. चरबीची जागा बदललेली असते आणि स्नायू घटलेले असतात.

मराठी घरांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो उलगडला पुण्यात. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. कुणीही म्हणेल, दोघे सारखेच सडपातळ. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त अशी आपली ठेवण आहे. ती आईच्या पोटातच घडू लागते, हे याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमध्ये १९९३ पासून केलेल्या कामातून दाखवलं.

आता हे दोन धागे जोडून पाहावेत. लोहारा तालुक्यातली पन्नास-बावन्न किलोची शेतकरी बाई मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त घेऊन वाढलेली. शिवाय भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. 'स्वान'मध्ये भारतीय स्त्रिया नव्हत्या; असत्या तर चित्र बहुधा याहून गडद दिसलं असतं.

मराठवाड्यात तर पाळी जाण्याचं वय अनेकींच्या बाबतीत निसर्गाने ठरवलेलंच नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जो आकडा आला तो सुन्न करणारा होता: पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. धाराशिवमधूनही दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात, आणि "पिशवी काढली" हे शब्द इथल्या गावांतही तिशी-पस्तिशीच्या बायांच्या तोंडून सहज ऐकू येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ही शस्त्रक्रिया होताना स्त्रीचं मध्यक वय ३४ च्या आसपास असतं.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका झटक्यात, दहा-बारा वर्षं आधी येऊन आदळतात. अंडाशय राखले असले तरी त्यांचं काम काही वर्षं लवकर थांबण्याची शक्यता वाढते. आणि इथे एक गोष्ट कुणीच या बायांना सांगत नाही: ज्यांची पिशवी नाही, त्यांना पाळी 'जाताना' कळणारच नाही, कारण ती आधीच बंद झालेली असते. शरीरातला बदल ओळखायला त्यांच्याकडे उरतात फक्त अंगातल्या वाफा, मोडलेली झोप आणि कंबरेचं माप. म्हणून टेपची सर्वांत जास्त गरज आहे ती यांना. शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधून जपून ठेवावं आणि समजलं नाही तर वाचून घ्यावं. लहान वयात अंडाशय गेलेल्या स्त्रीने संप्रेरकांच्या उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारावं. हा उपचार वजन उतरवण्यासाठी नसतो. अंगातल्या वाफा, हाडं आणि हृदय यांच्यासाठी त्याचा विचार होतो. तो कुणाला चालेल, कुणाला नाही, ते डॉक्टरच ठरवतात.

टेपने मापायचं, पण तेही नीट. नऊवारी असो की सहावारी, नाडीची जागा ही मापाची जागा नव्हे. नाडी बहुतेकींची बेंबीच्या खाली असते. बाईने दोन्ही पाय थोडे फाकवून सरळ उभं राहावं, निऱ्या सैल कराव्यात. बरगडीचं शेवटचं हाड आणि कंबरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप लावावी. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली, पण रुतलेली नको. "मावशी, श्वास सोडा" म्हणायचं आणि श्वास सुटल्यावर आकडा बघायचा. पोट आत ओढून घेतलेलं माप फुकट. सकाळी, खाण्याआधी, दर तीन महिन्यांनी एकदा एवढं पुरतं. रोज मापून नुसता जीव घाबरा होतो.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. भारतीय तज्ज्ञांनी धोक्याची रेघ स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटरवर आखली आहे. घरात टेप नसेल तर सुतळी घ्यावी: टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी कापायची, दुहेरी करायची आणि कंबरेभोवती फिरवायची. टोकं जुळली तर ठीक. जुळत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे तपासणीची वेळ झाली आहे. बुटक्या बांध्याच्या बायांसाठी हीच कसोटी जास्त खरी. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईची ७८ ची कंबर एका नियमात बसते, पण सुतळी तिला सावध करते.

मोठ्या शहरांत हल्ली 'हार्मोन पॅकेज' नावाने रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी विकली जाते. पंचेचाळिशीनंतरच्या बाईला बहुधा तिचा उपयोग नाही. त्या काळात संप्रेरकांचे आकडे आठवड्याआठवड्याला खालीवर होतात, आणि लक्षणांवरूनच निदान होतं. त्याऐवजी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघावं, आणि थकवा, सूज, थंडी वाजणं असेल तर थायरॉइडची टीएसएच. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या गोळ्यांकडेही लक्ष हवं. त्यांत स्टिरॉइड असेल तर चेहरा गोल होतो, पोट वाढतं, हातपाय बारीक राहतात. अशा गोळ्या एकदम बंद करणंही धोक्याचं; त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. पोट थोड्याच आठवड्यांत फुगलं, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर टेप बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

बायांच्या इस्ट्रोजेनसारखं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन एकाएकी कोसळत नाही, चाळिशीनंतर हळूहळू उतरतं. पण पोटाची चरबी ते आणखी घटवते आणि घटलेलं टेस्टोस्टेरॉन चरबी वाढवतं. पारावर बसणाऱ्यांनीही कधीतरी टेप लावून घ्यावी.

उपायांत नवं काही नाही, पण स्नायू हा मुद्दा मात्र कायम सुटतो. तणनाशक आल्यापासून खुरपणी कमी झाली, विळ्याची जागा यंत्राने घेतली; रानात जाणाऱ्या बाईचं शरीरही आता पूर्वीएवढं राबत नाही. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणं, भरलेली कळशी सावकाश उचलणं-ठेवणं आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हावं. आणि ताटात प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या बाईला रोज साधारण ४५ ग्रॅम लागतात, आणि एका अंड्यातून मिळतात सहा. या जिल्ह्यात शिवारच्या शिवार सोयाबीन पिकतं आणि सगळं आडतीवर जातं, घरात मूठभरही राहत नाही, हे खरोखर वाईट आहे. भूकंपानंतर याच भागात बायांबरोबर काम सुरू केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने पुढे 'एक एकर' शेतीचा प्रयोग रुजवला: एक एकर रान बाईच्या हाती, त्यात डाळी, ज्वारी, भाज्या, आधी घरासाठी. पन्नाशीच्या शरीराला हवं असलेलं ताट त्यातून घरच्या घरी मिळतं.

गावातल्या बाईच्या हाती टेप द्यायलाही फार मोठं काही लागत नाही. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने साध्या शिकलेल्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं, ते याच जिल्ह्यात. आज तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची पाहणी करताना आशाताईंच्या अर्जात कंबरेच्या मापाचा रकाना आहेच. स्त्रीची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. वय, व्यायाम, घरातला मधुमेह वगैरे धरून बेरीज चारच्या वर गेली की पुढची तपासणी आधी करायची.

तेव्हा आशाताई दारात आल्या की तो रकाना अंदाजाने भरू देऊ नका. निऱ्या सैल करा, माप घ्यायला लावा, आणि आकडा तारखेसह घरच्या वहीतही लिहून ठेवा. घरात सासू, जाऊ, नणंद असेल तर त्यांचंही माप त्याच बैठकीत घ्या. आणि जिची पिशवी काढलेली आहे, तिचं सगळ्यांत आधी.