पोलिओचे थेंब आणि बर्फाची पेटी

"डॉक्टर, पोलिओचे थेंब बर्फाच्या पेटीतच का ठेवतात?" असे द्रोणागिरीतील पालक मला नेहमी विचारतात. पोलिओच्या विषाणूचे कवच चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रती जुळून बनते. ही रचना १९८५ साली उलगडली. कवच मजबूत, पण ताठर नाही. शरीराच्या उष्णतेत ते किंचित हलते आणि पेशीला चिकटल्यावर उघडते. थेंबांतील दुबळ्या केलेल्या विषाणूचेही तसेच. मात्र उन्हाने कवच आधीच उघडले, तर लस निकामी होते. म्हणून कुपीवरील खूण व मुदत पाहावी. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट नसल्यास दुसरी कुपी मागावी. भारतात २०११ नंतर नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही. हे यश टिकवायचे तर बाळाचा एकही डोस चुकवू नका.