लेखांक ९ : सामना सुटल्यानंतरचा तास

क्रीडांगणासारख्या कायमच्या जागी होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाची वाहतूक आखताना निम्मी माहिती आधीच हाताशी असते. आसने किती, दरवाजे कोणत्या रस्त्यावर उघडतात, स्थानक किती अंतरावर आहे, हे दर वेळी नव्याने शोधावे लागत नाही. मुंबईचे वानखेडे मैदान याचे बोलके उदाहरण आहे. १९७५ च्या सुमारास उभे राहिलेल्या आणि २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधलेल्या या मैदानात सुमारे ३३,००० प्रेक्षक मावतात. एका अंगाला मरीन ड्राइव्ह, दुसऱ्या अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, आणि चर्चगेट व मरीन लाइन्स ही दोन्ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर. प्रेक्षकांच्या गाड्या लावायला मात्र जागा नाही. ही उणीव वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळेच बहुतेकांना लोकल धरावी लागते आणि शहराचे दक्षिण टोक मोकळे राहते.

येणारी गर्दी दोन-तीन तासांत विखुरलेली असते. संध्याकाळी ७.३० च्या सामन्याला प्रेक्षक चर्चगेटच्या दिशेने येतात, तेव्हा कचेऱ्यांतून सुटलेली गर्दी उलट दिशेने घरी निघालेली असते. त्यामुळे येणाऱ्या गाड्यांत जागा असते. खरी कसोटी शेवटचा चेंडू पडल्यावर लागते. सगळे एकदम उठतात, रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात आणि लोकलमधले अंतर वाढलेले असते. समजा, २४,००० जणांना लोकल हवी आहे आणि गाडीमागे २,००० जण धरले, तर १२ गाड्या लागतात. दर चार मिनिटांनी गाडी सुटली तर पाऊण तासात फलाट मोकळे होतात. दर बारा मिनिटांनी सुटली तर जवळजवळ अडीच तास लागतात. म्हणून जादा गाड्यांचे रेक आणि मोटरमन आधीच ठरवून ठेवावे लागतात. रविवारी सामना असेल तर रूळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणाऱ्या ब्लॉकचे वेळापत्रकही आधीच पाहावे लागते.

गाड्या पुरेशा असूनही जिना अपुरा पडू शकतो, आणि नियोजनात सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच जाते. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षा मार्गदर्शिकेत एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसे, तर जिन्यावरून ६६ माणसे जाऊ शकतात असे धरले आहे. म्हणजे दोन मीटर रुंदीच्या एकाच जिन्यावरून २४,००० माणसे उतरायला तीन तास लागतील. अरुंद जिन्यावर गर्दी तुंबली की काय घडते, ते मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाहिले. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. चर्चगेट या बाबतीत भाग्यवान आहे. ते शेवटचे स्थानक असल्याने गाडी रिकामी लागते आणि फलाटाच्या टोकाकडून, पूल न चढता, थेट गाडीपर्यंत जाता येते. त्यामुळे जास्तीत जास्त प्रेक्षक चर्चगेटकडे वळवणे, आणि फलाट भरत आला की त्यांना स्थानकाबाहेर मोकळ्या जागेत थोपवून टप्प्याटप्प्याने आत सोडणे, ही सुरक्षित रीत ठरते.

रस्त्यांचे काम त्यामानाने सोपे: आसपासच्या गल्ल्यांत पार्किंगबंदी, टॅक्सीसाठी मैदानापासून दूर ठरलेली जागा, आणि रुग्णवाहिकेसाठी पायी गर्दीला न छेदणारी एक वाट, जी कोणत्याही पाहुण्याच्या मोटारीसाठी उघडायची नाही.

हे सारे गणित तिकिटांच्या संख्येवर उभे असते. प्रवेश मोफत झाला की ते कोसळते. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या संघाच्या स्वागताला मरीन ड्राइव्हवर आलेला जनसागर मैदानाच्या क्षमतेच्या कितीतरी पट होता. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर दरवाज्यांशी उसळलेल्या गर्दीत ११ जण दगावले. त्या दिवशी जवळच्या मेट्रो स्थानकांवर गाड्या थांबवणे बंद करावे लागले. अशा प्रसंगी मैदानाची क्षमता नव्हे, तर तिथवर पोहोचणाऱ्या गाड्यांची क्षमता हाच अंदाजाचा आधार धरायला हवा, आणि लोकांना मैदानाच्या बऱ्याच अलीकडे थांबवण्याची तयारी हवी.

कायमच्या जागेचा आणखी एक फायदा म्हणजे नोंदी. कोणता दरवाजा किती वाजता रिकामा झाला, कोणत्या जिन्याशी रांग तुंबली, शेवटची जादा लोकल किती भरून गेली, हे पोलीस, रेल्वे आणि आयोजक यांनी दुसऱ्याच दिवशी एकत्र बसून लिहून काढायचे असते. आयपीएलच्या मोसमात पुढचा सामना काही दिवसांतच त्याच मैदानावर असतो, आणि दुरुस्त केलेला आराखडा लगेच वापरता येतो.