शेवटचं कडवं ऐकल्याशिवाय गाणं बदलू नका : वामनदादा कर्डक आणि आमच्या घरातल्या कॅसेट

(या भागात जे बोललो तेच इथं लिहून देतोय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

आज एका फॅनची गोष्ट सांगणार आहे. फॅन म्हणजे माझे वडील. आता थोडाफार मीही. आणि ज्यांचे फॅन, ते लोककवी वामनदादा कर्डक.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, नाव ऐकल्यासारखं वाटतंय, पण गाणं आठवत नाही. गंमत अशी की गाणं तुम्हाला नक्की माहीत आहे. १४ एप्रिलला नांदेडात किंवा लातुरात रस्त्यावर उभे राहिला असाल, तर त्यांची निदान दोन-तीन गाणी कानावरून गेलीच आहेत. माहीत नाही ते नाव. ते का माहीत नाही, हाच आजचा विषय.

आमच्या घरातला ‘अल्बम’

आमच्याकडं अल्बम म्हणजे कॅसेट. पत्र्याच्या एका डब्यात वडिलांच्या एकतीस कॅसेट होत्या. तुम्ही आज एक-एक गाणं ऐकता, आवडलं नाही की पुढं ढकलता. कॅसेटला ती सोय नव्हती. साठ मिनिटांची कॅसेट, तीस मिनिटं एक बाजू, तीस मिनिटं दुसरी. गाणी ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं ऐकायची. त्यामुळं पूर्ण कॅसेट पाठ व्हायची, अगदी दोन गाण्यांमधल्या खरखरीसकट.

डब्यात दोन प्रकारच्या कॅसेट होत्या. एक बाजारातल्या, कंपनीनं काढलेल्या. त्यांत गाणारे वेगवेगळे, पण बरीच गाणी वामनदादांनी लिहिलेली. दुसऱ्या घरच्या. म्हणजे गावात गायन पार्टीचा कार्यक्रम असला की वडील टेपरेकॉर्डर घेऊन स्टेजजवळ बसायचे आणि कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचे. पेटी, ढोलकी, मागं कोरस, मधेच कुणाचं तरी खोकणं, सगळं त्यात.

बाजारातल्या कॅसेटच्या कागदावर बऱ्याचदा गायकाचा मोठा फोटो असायचा आणि गीतकाराचं नाव बारीक अक्षरात, नाहीतर नसायचंच. नसलं की वडील निळ्या बॉलपेननं लिहायचे, ‘गीत : वामनदादा’. त्यांना कसं कळायचं? तिकडं येतोच.

वामनदादा कोण होते?

जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी. शाळा नाही. पोटासाठी मुंबई गाठली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. चाळीत एकानं त्यांच्या हातात पत्र दिलं आणि म्हणाला, जरा वाचून दाखव. यांना वाचता येईना. ती गोष्ट मनाला फार लागली. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडं बाराखडी गिरवली आणि पुढं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. तरुणपणी अक्षरओळख झालेला हा माणूस १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहितो. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाहिलं. त्यानंतर साठ वर्षं लिहिणं आणि गाणं थांबलं नाही. हजारो गाणी झाली.

‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे त्यांचे संग्रह. १९९३ मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ ला ते गेले.

इंग्रजी गाण्यांचे फॅन ज्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात, तेच हे. स्वतः लिहायचं, स्वतः चाल बांधायची, स्वतः उभं राहून गायचं. फक्त स्टुडिओच्या जागी गावोगावचे चौक होते.

विषय फक्त बाबासाहेबांच्या गौरवाचा नव्हता, हेही सांगतो. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन हिशेब मागणारं गाणं त्यांचंच. समाजातल्या पुढाऱ्यांचे कान धरणारी गाणी त्यांची. शिवाय गझल, लावणी, सिनेमाची गाणीसुद्धा.

मराठवाड्यात एवढा जीव का?

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १४ जानेवारी १९९४, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षं चालला. त्यात नांदेड जिल्ह्यानं जळालेली घरं पाहिली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा १९७८ मध्ये खून झाला. वडील तेव्हा शाळकरी पोर होते. ते म्हणतात, त्या दिवसांत रात्री वस्तीत कुणी गाणं म्हणायला लागलं की आम्हाला झोप यायची. एवढंच सांगतात, जास्त बोलत नाहीत. ज्या घरात पेपर येत नाही, पुस्तक नाही, तिथं इतिहास, धीर आणि बातमी या तिन्ही गोष्टी गाण्यातूनच यायच्या. म्हणून त्या कॅसेटला ते नुसतं ‘गाणी’ म्हणत नाहीत.

नाव लपलंय कुठं?

आता मुद्द्याचं. तुकोबांचा अभंग संपताना ‘तुका म्हणे’ येतं. नामदेवांच्या अभंगात नामा येतो. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं टोपणनाव गुंफतो, त्या शेराला मक्ता म्हणतात. याला आपल्याकडं नाममुद्रा हा शब्द आहे. वामनदादांनी तेच केलं. त्यांच्या बहुतेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात कुठंतरी ‘वामन’ येतो. कधी स्वतःलाच बोलतो, कधी स्वतःवरच हसतो.

आता विचार करा. गाणं तोंडातून तोंडात जाणार, पुस्तक छापलं जाईल याची खात्री नाही, कॅसेटवर नाव येईल याचीही नाही. अशा माणसाला नाव ठेवायला सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली? गाण्याच्या आत. ते काढायचं तर यमकच मोडतं. वडील प्रत्येक गाण्याच्या शेवटाकडं आवाज वाढवायचे. ‘वामन’ आला की बॉलपेन उघडायचे. इतकं सोपं होतं ते.

पण त्यात एक कच्चा दुवा होता, तो आपल्या काळात उघडा पडला. नाव शेवटी आहे. आणि शेवट आपण ऐकतच नाही! जयंतीच्या डीजेला मुखडा आणि ठेका लागतो. रीलला तीस सेकंद पुरतात. रिमिक्समध्ये दोन कडवी गेली की गेलं ते पहिलं नाव. मोबाईलवर गाणं चढवताना गायक, संगीतकार, गीतकार असे वेगवेगळे रकाने असतात. चढवणारा पहिला रकाना भरतो, उरलेले रिकामे सोडतो. कुणी मुद्दाम करत नसेलही. परिणाम तोच, पोरं म्हणतात ‘हे पारंपरिक गाणं आहे’. अहो, पारंपरिक काय? लिहिणारा माणूस २००४ पर्यंत आपल्यात होता!

कायद्यानंही ते पारंपरिक नाही. भारतात लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. ‘हे माझं आहे’ असं म्हणण्याचा हक्क तर लेखकानं कॉपीराइट विकला तरी त्याच्याकडंच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. पण वाटा द्यायचा कुणाला, हे कळायला आधी नाव लिहिलेलं पाहिजे ना?

माझा गुन्हा

इथं मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. अकरावीला मला लातूरला टाकलं. लातूर पॅटर्न, तुम्हाला माहीतच आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीनं गेलो. पिशवीत रेकॉर्डिंगचा वॉकमन होता आणि वडिलांनी दिलेल्या तीन कॅसेट. त्यांतली एक घरची होती. आमच्या लोहा तालुक्यातल्या गावी स्वतः वामनदादा आले होते, त्या रात्रीची. त्यांच्याच आवाजात.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर नवीन रेकॉर्डिंग होत नाही, बटणच दबत नाही. वडिलांनी त्या मोडून ठेवल्या होत्या. मला फिजिक्सचं लेक्चर भरून घ्यायचं होतं आणि कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की बटण दबतं, हे मला एका रूममेटनं शिकवलं. मी लावली. एक पूर्ण बाजू ‘रोटेशनल मोशन’ झाली. दुसऱ्या बाजूवर तेवीस मिनिटं झाली आणि तास संपला.

घरी सांगायची हिंमत झाली नाही. तेरा वर्षं गप्प राहिलो. शेवटी एका दिवाळीत सांगितलं. वडील थोडा वेळ डब्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “पास झालास नव्हं त्या पेपरात? मग राहू दे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत त्या रात्रीच्या गाण्यांची यादी लिहून काढली. नऊ आठवली. त्यांतली सहा छापील संग्रहांत सापडली. शब्द आहेत, पण त्या रात्रीचा आवाज नाही. उरलेली तीन कुठंच मिळाली नाहीत, अजून शोधतोय.

तुमच्या घरात डबा असेल तर

तुमच्याही घरी, आजोळी, आत्याकडं कॅसेट असतील. मी केलं ते करू नका. हे करा :

सगळ्यांत आधी वरच्या दोन्ही पट्ट्या मोडा. चिकटपट्टी लावलेली असेल तर काढा. कॅसेट उघडून बघा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, जाणकाराला दाखवा, नाहीतर टेपही जाईल आणि मशीनही. ठीक असेल तर आधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्या. प्लेयरचं हेड कापसाच्या काडीनं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. फाईल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर बनवता येते.

आणि फाईलला नाव देताना चार गोष्टी लिहा : गाणारा, लिहिणारा, गाव, साल. लिहिणारा माहीत नसेल तर शेवटचं कडवं ऐका.

माझ्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर लेक्चर संपतं तिथं सर म्हणतात, “उद्या पुढचं बघू.” खट्ट असा आवाज येतो आणि लगेच ढोलकी. सात मिनिटं शिल्लक आहेत, दीड गाणं. पहिल्या गाण्याचा मुखडा गेलाय, पण शेवट वाचलाय. त्यात ‘वामन’ आहे. ती फाईल आता माझ्या, वडिलांच्या आणि बहिणीच्या, तिघांच्या फोनमध्ये आहे.

तुमच्याकडं काही सापडलं तर आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. जयभीम, नमस्कार.