संकेतस्थळावर आपले बिल आपणच वाचावे म्हणून
– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस नोंद, तोडणीचा क्रम, वजनाची पावती आणि बिल, एवढ्यासाठी पूर्वी गट ऑफिसला खेपा घालाव्या लागत. आता यातले बरेचसे मोबाईलवर पाहता येते. परंतु संकेतस्थळ उघडले म्हणजे माहिती हाती आली, असे होत नाही. विहिरीला पाणी आहे पण उतरायला पायऱ्या नाहीत, अशी कित्येक सरकारी व सहकारी संकेतस्थळांची गत आहे. ज्याला कमी दिसते किंवा ज्याचा हात कापतो, तो सभासद आपले बिल दुसऱ्याकडून वाचून घेतो. टनेज किती भरले, सोसायटीची वसुली किती झाली, हातात काय राहिले, हे शेजाऱ्याला आधी कळते आणि धन्याला मागाहून. हे बरे नव्हे.

पूर्ण अंध व्यक्तीही मोबाईल वापरते, याची पुष्कळांना कल्पना नसते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय आहे. बोट ठेवाल ते ती बोलून दाखवते. मराठी आवाज बसवून घेतला की मराठीसुद्धा. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हा वाचक-प्रोग्राम फुकट मिळतो. मात्र यांचा भरवसा अक्षरांवर असतो. नोटीस टाईप केली, सही-शिक्का मारला आणि कागदाचा फोटो काढून वर टाकला, की डोळस माणसाचे भागते. वाचक-प्रोग्राम 'चित्र' एवढे म्हणून बहुधा गप्प बसतो. शिक्क्याचा कागद जरूर ठेवावा, पण खाली तोच मजकूर अक्षरांत द्यावा.

मराठीची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे जुन्या फाँटमध्ये टायपिंग झाले. पडद्यावर 'ऊस' दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. फाँट त्यांना नुसते मराठी रूप देतो. वाचक-प्रोग्राम पोटातले वाचतो आणि भलतेच काही बोलतो. शोधायला जावे तर शब्द सापडत नाही. पाटी एका जातीची आणि बेणे दुसऱ्याच जातीचे, असा प्रकार! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत. त्यात टाईप केले की हा घोळ मिटतो, आणि त्याला जादा खर्चही नाही.

आता पानांच्या मांडणीकडे या. आपण पाने खात्याप्रमाणे लावतो: शेतकी, केन अकौंट, इंजिनिअरिंग, मॅन्युफॅक्चरिंग. सभासदाला खात्याशी काय करायचे? त्याचा प्रश्न असतो, 'माझा ऊस कधी तुटणार?' ब्रिटन सरकारने २०१२ साली 'गव्ह डॉट यूके' सुरू केले, तेव्हा नागरिकाचे काम काय आहे हे पाहून मांडणी केली. आपणही 'माझी नोंद', 'माझे वजन', 'माझे बिल' अशी बटणे सर्वांत वर ठेवावीत. आम्हा मंडळींचे फोटो खाली गेले तरी बिघडत नाही. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, तो मथळा म्हणूनच नोंदवावा लागतो. मग वाचक-प्रोग्राम मथळ्यावरून मथळ्यावर उडी घेतो; बांधावरून चालत हवी ती सरी गाठावी तसे. नाहीतर बिचाऱ्याला सगळे पान पहिल्यापासून ऐकावे लागते.

रंगाचेही तसेच. हिरव्यावर पिवळी अक्षरे शोभिवंत दिसतात, वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे, असा जागतिक संकेत आहे. भर उन्हात बांधावर फोन पाहणाऱ्या तरण्या माणसालाही त्याचा उपयोगच होतो. नोंद मंजूर झाल्यास हिरवा ठिपका आणि नामंजूर झाल्यास लाल, एवढ्यावर न थांबता शेजारी शब्दही लिहावा. लाल-हिरवा न ओळखणारे पुरुष आपल्यातही आहेत. चित्रातले वाकडेतिकडे अंक ओळखायला लावतात, तिथे तर अंध माणूस दाराशीच अडतो. त्याला ओटीपीची किंवा ऐकण्याची दुसरी वाट हवी.

ही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम स्वरूपात मिळण्याची तरतूद केली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आपल्यापुरते पाहा ना. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, दुसरा करार नसेल तर. पावतीवरची तारीख ज्याला वाचता येत नाही, त्याने ते दिवस मोजायचे कसे?

संकेतस्थळाची पाने नव्याने लावताना तपासणी ऑफिसात बसून होणार नाही. माऊस बाजूला ठेवून फक्त कळफलकाच्या 'टॅब' कळीने बिलापर्यंत पोचता येते का, हे आम्ही पाहू. घरी करायची परीक्षा याहून सोपी: फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि आपली वजन पावती शोधा. एकदा टेकवले की ऐकू येते, दोनदा टेकवले की उघडते. जिथे अडाल त्या पानाचे व बटणाचे नाव शेतकी विभागाला लिहून कळवावे. गट ऑफिसला तोंडी सांगितले तरी चालेल.