ऊन कडक, तरी सोलरची वीज कमी! दोष पॅनेलचा की उष्णतेचा?

मे महिना आला की गच्चीवर सोलर बसवलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "फेब्रुवारीत दुपारचा आकडा चांगला होता, आता ऊन भाजून काढतंय तर तो खाली का?" बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, प्रश्न तोच. बसवून देणाऱ्याशी भांडण्याआधी पॅनेलमधल्या सिलिकॉनचा स्वभाव समजून घेऊ.

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून ती वाहक. काचेत ते घट्ट बांधलेले, म्हणून ती रोधक. सिलिकॉन या दोघांच्या मधला, म्हणजे अर्धवाहक. त्याच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत 4 इलेक्ट्रॉन असतात आणि ते चार शेजारी अणूंशी बांधलेले असतात. हा बंध तोडायला सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. उन्हाचा प्रकाश ती देतो. इलेक्ट्रॉन सुटला की मागे रिकामी जागा राहते, तिला 'होल' म्हणतात.

पण नुसतं सुटून उपयोग नाही, इलेक्ट्रॉन परत एखाद्या होलमध्ये जाऊन बसेल. म्हणून सिलिकॉनमध्ये मुद्दाम किंचित भेसळ करतात. एका थरात बाहेर 5 इलेक्ट्रॉन असलेला फॉस्फरस, दुसऱ्यात 3 असलेला बोरॉन. हे दोन थर जिथे भिडतात तिथे विद्युत क्षेत्र तयार होतं. ते इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि होलला दुसऱ्या बाजूला ढकलतं. हाच आपला करंट. एका सेलमधून जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट मिळतो, म्हणून पॅनेलमध्ये अनेक सेल ओळीने जोडलेले असतात.

आता उष्णतेची गोष्ट. बंध फक्त प्रकाशच तोडतो असं नाही, उष्णताही तोडते. सिलिकॉन तापलं की इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकमेकांना गाठण्याचं प्रमाण वाढतं. करंट किंचित वाढतो, पण व्होल्टेज दर अंशाला प्रत्येक सेलमागे सुमारे 2 मिलिव्होल्ट घसरतं. वीज म्हणजे या दोघांचा गुणाकार, त्यामुळे एकूण घाटाच.

पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंश सेल्सिअसची असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मेच्या दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेलं, तर 40 अंशांचे झाले सुमारे 14 टक्के. म्हणजे 5 किलोवॅटचे राहिले 4.3.

मग करायचं काय? पॅनेल छपराला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळायला हवा. धूळ पुसायची तर सकाळीच, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. इतकं करूनही घट हिशेबापेक्षा फार मोठी दिसली, तर मात्र तक्रार जरूर करा. त्या वेळी पॅनेलच्या माहितीपत्रकातला 'टेम्परेचर कोएफिशंट' हा आकडा हाताशी ठेवा. बोलणं सोपं जाईल.