क्रीडा-व्यवस्थापन : शिक्षणानंतर पुढें काय?

पदवीपरीक्षेचा निकाल लागला, पेढे वांटून झाले, आणि रात्रीं जेवणाच्या पंक्तींत घरांतील मुलानें किंवा मुलीनें ‘मला पुढें क्रीडा-व्यवस्थापन शिकावयाचें आहे’ असें जाहीर केलें, म्हणजे क्षणभर सर्वत्र शांतता पसरते. आजोबांना वाटतें, नात आतां मैदानावर कवाईत शिकविणार. वडील मनांतल्या मनांत फीचा आंकडा मांडूं लागतात. आणि काकू विचारतात, ‘पण याला नोकरी कोठें मिळते?’ काकूंचा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर शक्य तितक्या सरळपणें देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या शिक्षणांत खेळ शिकवीत नाहींत. खेळ ज्याच्या आधारावर उभा राहतो तो व्यवहार शिकवितात. पैसा, मैदान, करार, तिकिटें, जाहिरात, प्रक्षेपण आणि कायदा हे त्याचे विषय. १९५७ सालीं अमेरिकेंतील ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल-संघाचे अध्यक्ष वॉल्टर ओमॅली यांनीं प्राध्यापक जेम्स मेसन यांना पत्र लिहून, क्रीडासंस्था चालविणारीं माणसें तयार कोठें होतात, अशी पृच्छा केली. तशी सोय कोठेंच नव्हती. अखेर १९६६ सालीं ओहायओ विद्यापीठानें या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

आपल्याकडे ही उणीव याहून तीव्र होती. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास खाशाबा जाधवांजवळ पुरेसे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आणि खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक आणिलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्यांचा त्याग वंदनीयच. परंतु खेळाडूच्या प्रवासासाठीं जेथें गुरुजींचें घर गहाण पडतें, तेथें उणीव मल्लाची नसून व्यवस्थेची असते.

आज चित्र पालटलें आहे. २००८ सालीं सुरू झालेल्या आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांना २०२२ सालीं ४८,३९० कोटी रुपये आले. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ पासून, तर स्त्रियांच्या क्रिकेटची २०२३ पासून चालूं आहे. जेथें इतका पैसा फिरतो, तेथें माणसेंहि लागतात. संघाचा प्रवास व निवास पाहणारे, प्रायोजक मिळविणारे, तिकिटविक्री व मैदान सांभाळणारे, खेळाडूंचे करार पाहणारे, सामन्यांच्या आंकड्यांचा अभ्यास करणारे, अशीं कामें मुलांप्रमाणें मुलीहि करूं शकतात. शिवाय २०२५ सालीं संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला आहे. महासंघांच्या कारभाराला त्यानें नियमांची चौकट घातली असल्यामुळें, हिशेब आणि कायदा जाणणाऱ्या माणसांची गरज तेथें अधिक भासेल असें आम्हांस वाटतें.

पण नाण्याची दुसरी बाजू लपविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. लीग वर्षांतून कांहीं आठवडेच चालते. म्हणून पुष्कळ कामें हंगामापुरतीं असतात. आरंभींचें वेतन बेताचें, आणि सुटीचा दिवस हाच कामाचा दिवस! शिवाय सारा डोलारा करारांवर उभा. २०२५ च्या जुलैंत फुटबॉलची इंडियन सुपर लीग करार लांबणीवर पडल्यामुळें थांबली, आणि कांहीं संघांनीं पगारहि रोखले. त्यांत कचेरींतील तरुणांचा दोष तो काय?

म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेला चार प्रश्न निःसंकोच विचारावे. मागील दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं कितींना काम मिळालें? तें कायमचें कीं हंगामी? शिकविणाऱ्यांनीं स्वतः कधीं संघ वा स्पर्धा चालविली आहे काय? उमेदवारी कोणाच्या हाताखालीं करावयास मिळते? पुण्यांत सिंबायोसिससारख्या संस्थेंत या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतां येते. परंतु संस्थेच्या नांवानें दिपून हे प्रश्न टाळूं नयेत. विद्यार्थ्यानेंहि हिशेब, कायदा किंवा संख्याशास्त्र यांपैकीं एक विद्या पक्की करावी. खेळाचा बाजार मंदावला तरी ती दुसरीकडे पोट भरील. आणि जिल्ह्याच्या एखाद्या स्पर्धेंत पाण्याच्या सोयीपासून निकालपत्रकापर्यंत सर्व कामें एकदां करून पाहावीं. त्या चार दिवसांत कंटाळा आला, तर फी वांचली असें समजावें.

वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, कीं या विद्येला हंसूं नये, आणि आंधळेपणानें तिच्यासाठीं कर्जहि काढूं नये. खर्डेकरांनीं घर गहाण टाकिलें, तें शिष्याचें बळ ओळखून. मुलाला खेळाचें केवळ वेड आहे, कीं त्या वेडामागें कष्ट आणि हिशेब यांची तयारी आहे, हें घरांतल्या माणसांइतकें दुसऱ्या कोणास कळणार? तें बळ दिसलें, तर मात्र काकूंनीं निःशंक मनानें आशीर्वाद द्यावा.